पक्की जोडणी (विद्युत)

उपकरणाच्या तारा पिन आणि सॉकेटमधून न आणता थेट टर्मिनलच्या स्क्रूखाली कसणे म्हणजे पक्की जोडणी. ती सोडवायला हत्यार लागते. छताचा पंखा, मीटरपासून मेन स्विचपर्यंतच्या तारा, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर या सगळ्या पक्क्या जोडण्याच. हिला हार्डवायर्ड असेही म्हणतात. संगणकात तोच शब्द प्रोग्रामने न बदलता येणाऱ्या, सर्किटमध्येच बांधलेल्या रचनेसाठी येतो.

वायरमनच्या तोंडी मात्र 'डायरेक्ट' हा शब्द असतो आणि तो घात करतो. 'गिझर डायरेक्ट दिलाय' म्हणजे फक्त सॉकेट नाही की स्विचही नाही, हे विचारूनच घ्यावे. (मीटर चुकवून घेतलेल्या चोरीच्या विजेलाही 'डायरेक्ट'च म्हणतात.) पक्क्या जोडणीत पिन उपसून वीज तोडता येत नाही, म्हणूनच तिला स्विच जास्त गरजेचा. गिझरला २० अँपिअरचा डीपी (डबल पोल) स्विच लावतात. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, त्यामुळे मागे कुठे तारांची अदलाबदल झाली असली तरी आतला एलिमेंट (पाणी तापवणारा भाग) विजेपासून मोकळा होतो.

२३० व्होल्टवर ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर ओढतो. हा भार बराच वेळ चालतो आणि सैल झालेली सॉकेटची पट्टी तिथेच करपते. पण पक्की जोडणीही ढिली राहिली तर सुटका नाही. स्क्रूखाली जेमतेम ०.१ ओहम रोध उरला तरी तेवढ्या जागेत १७ वॅट उष्णता तयार होते. आधी इन्सुलेशन पिवळे पडते, मग वास येतो.

बहुतेकदा चूक टोकाशी असते. बहुतारी वायर नुसती पिळून कसली की काही तारा बाहेर राहतात. टोकाला कथील लावणे तर आणखी वाईट, कारण दाबाखाली कथील हळूहळू पसरते आणि स्क्रू सैल पडतो. योग्य मापाचे थिंबल (तारेच्या टोकावर बसवायचे धातूचे टोपण) क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबावे. तांबे व ॲल्युमिनियम एकाच स्क्रूखाली घेऊ नयेत. तिथे द्विधातू थिंबल लागते. अर्थिंगची तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे केबल ओढली गेली तर ती शेवटी निसटते.

जोडणी उघडण्यापूर्वी डीपी स्विच आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दोन्ही बंद करावेत. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग टर्मिनलवर आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरही 'वीज नाही' असेच दाखवतो.