विश्वकोश दुरुस्ती (भौतिकशास्त्र आणि गणित)

ऑनलाइन विश्वकोशातल्या, मुख्यतः विकिपीडियातल्या, भौतिक आणि गणिताच्या लेखांमधल्या चुका बिनपगारी हौशी मंडळींनी मिळून दुरुस्त करणं, असं हे काम आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. ठाणे-नवी मुंबईकडचे हे काम करणारे जे मला माहीत आहेत त्यात कोणी क्लास घेणारे, कोणी रिटायर्ड इंजिनीअर, कोणी कॉलेजची पोरं, आणि बरेचसे ट्रान्स-हार्बरला (ठाणे-वाशी लोकलला) सीट मिळाली की मोबाइल काढणारे. मोबाइलवर सूत्र टाइप करणं म्हणजे छळच, पण तरी करतात.

चूक म्हटलं की वाटतं कोणीतरी भलतंसलतं लिहिलं असणार, तसं फार कमी वेळा असतं. जास्त घोळ शब्दांचा असतो. हिंदीतून उचललेल्या लेखात ‘द्रव्यमान’ येतं, आपल्याकडे ते वस्तुमान, ‘अभाज्य संख्या’ येते, आपली ती मूळ संख्या, आणि ‘इलेक्ट्रॉनवर ऋण आवेश असतो’ हे वाचून तर हसूच येतं, कारण मराठीत आवेश सभेत भाषण करणाऱ्याला येतो, इलेक्ट्रॉनवर असतो तो प्रभार. मशीन ट्रान्सलेशनची गंमत वेगळीच, पृष्ठभागाला लंब असलेलं बल (इंग्रजीत normal force) तिथे ‘सामान्य बल’ होऊन बसतं आणि वाक्य वाचायला इतकं गुळगुळीत असतं की पटकन कोणाला संशयही येत नाही.

चाल (speed) आणि वेग (velocity) ही जोडी तर कायमची डोकेदुखी. बोलताना आपण दोन्हीला स्पीडच म्हणतो, लेखात तसं चालत नाही. ठाण्याहून वाशीला गेलात आणि त्याच गाडीने परत ठाण्याला उतरलात तर विस्थापन (निघालात तिथून पोचलात तिथवरचं सरळ अंतर) शून्य, म्हणजे सरासरी वेग शून्य, पण सरासरी चाल काही शून्य नाही, अंतर तर कापलेलंच असतं. हे उदाहरण मी एका नवीन पोराला वाशी स्टेशनवरच समजावलं होतं, तेव्हा कुठे त्याने लेखातले सगळे ‘वेग’ परत एकेक करून तपासले.

दुसरा प्रकार शिळ्या माहितीचा. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्हरला जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा, ही व्याख्या २० मे २०१९ ला संपली, आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून (पुंजभौतिकीतल्या एका कधी न बदलणाऱ्या आकड्यावरून) ठरतो. पण जुन्या गाइडमधून उतरवून काढलेल्या मजकुरात तो ठोकळा अजून मुक्कामाला असतो. आकडा कोणी मुद्दाम बदलला, गुरुत्व त्वरणाच्या ९.८ चं ८.९ केलं, तर ते शोधणं सगळ्यात अवघड, शिवी दिसते, आकडा दिसत नाही.

कामाची पद्धत तशी सोपी आहे. आधी लेखाचा इतिहास बघायचा, कुठला बदल कधी झाला ते कळतं. मोठी दुरुस्ती असेल तर आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, लिहून बघायची (पूर्वी पाटीवर धूळ पसरून गणितं करायचे, त्यावरून आलेला हा शब्द मला फार आवडतो), मग लेखाच्या चर्चा पानावर विचारायचं, आणि संदर्भ द्यायचा. इथे भलेभले अडखळतात. तुम्ही तीस वर्षं फिजिक्स शिकवलं असेल हो, पण ‘मला माहीत आहे’ हा संदर्भ होत नाही, पुस्तक दाखवा. शब्दासाठी बालभारतीची पुस्तकं किंवा भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश काढतात, आणि दोन्हींचं जमलं नाही की वाद चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जातो.

वाद इंग्रजी विकिपीडियातही कमी नाहीत. तिथे भौतिक आणि गणिताचे वेगळे प्रकल्पच आहेत, तरी ०.९९९… बरोबर १ हे न पटणाऱ्यांसाठी चर्चेचं स्वतंत्र पान काढावं लागलं, आणि तीन दारांच्या माँटी हॉल कोड्याचं (संभाव्यतेचं एक कोडं) भांडण २०११ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीपर्यंत गेलं. एका कोड्यावरून! २००५ मध्ये नेचर मासिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले तेव्हा विकिपीडियात लेखामागे साधारण चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका विश्वकोशात तीन, त्यावर ब्रिटानिकावाल्यांनी जोरदार आक्षेप घेतला होता.

आमच्या ओळखीतला अजून न मिटलेला वाद ‘वजन’ या शब्दाचा आहे. वजन हे बल, एकक न्यूटन, नववीतल्या पोरालाही पाठ. पण वाशीच्या एपीएमसी बाजारात ५० किलोची गोणी उचलणाऱ्याला तिचं वजन साधारण ४९० न्यूटन आहे म्हणून सांगा, तो गोणी खाली ठेवून तुमच्याकडे बघत बसेल. एकाचं म्हणणं लेखात बाजारातला अर्थ आधी द्यावा, दुसऱ्याचं म्हणणं तो तळटीपेत टाका, आणि तिसरा दर रविवारी येऊन दोघांचंही उलटवून जातो.