सिमेंटचा धूर समुद्राखाली

नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात जून २०२५मध्ये धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प सुरू झाला. अशी बातमी आली की एक सल्ला हमखास मिळतो: एवढा खटाटोप कशाला, सौरऊर्जा वापरा की!

पण सिमेंटचा निम्म्याहून जास्त कार्बन इंधनातून येतच नाही. तो दगडात असतो. चुनखडी भाजली की चुना उरतो आणि वायू उडून जातो. शाळेतलंच समीकरण मांडा: १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. भट्टी कशावरही पेटवा, हे ४४ किलो निघणारच. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांनाही यातून सुटका नाही.

मग तो पकडायचा कसा? धुरात बराचसा नायट्रोजन असतो. सगळा धूर गाडणं परवडणारं नाही. इथे अमाइन कामाला येतात. ही अमोनियाच्या गोतावळ्यातली संयुगं. उंच मनोऱ्यात धूर खालून वर चढतो, अमाइनचं द्रावण वरून झिरपतं. अमाइनमधल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनशी बंध जोडते आणि कार्बामेट तयार होतं. खरी गंमत या बंधाच्या कच्चेपणात आहे. वायू चुन्यालाही पकडता येतो, पण मग पुन्हा चुनखडीच तयार होते आणि तो सोडवायला पुन्हा ९०० अंशांची भट्टी लागते! अमाइन मात्र साधारण १२० अंशांना वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला लागतं. ब्रेविकमध्ये ही उष्णता भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून घेतात. ती पुरते तेवढाच वायू पकडला जातो: वर्षाला सुमारे ४ लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाच्या निम्मा.

पुढचं काम ‘नॉर्दर्न लाइट्स’ या भागीदारीचं. इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज या तेल कंपन्या तिच्या समान भागीदार. द्रवरूप वायू जहाजाने बर्गनजवळच्या किनाऱ्यावर येतो, तिथून सुमारे १०० किलोमीटरच्या नळीने समुद्राकडे जातो आणि तळाखाली २,६०० मीटरवरच्या वालुकाश्मात मुरतो. वर अभेद्य खडकाचं झाकण आहे. तिथे फुगा फुगवलेला नाही. वायू दगडाच्या बारीक छिद्रांत अडकतो, हळूहळू खाऱ्या पाण्यात विरघळतो.

तेल उपसणारेही हेच आणि गाडण्याचं भाडं घेणारेही हेच, हे मला खटकतं. त्यांच्या जाहिरातींतली हिरवी पानं पाहून भुलू नये. पहिल्या टप्प्याच्या खर्चाचा मोठा वाटा नॉर्वेच्या सरकारी तिजोरीतून आला आहे.