गावातल्या किल्ल्याच्या डागडुजीला सरकारी निधी: अर्ज कुणाकडे, कागद कोणते?

तटाचा दगड निखळला, बुरुजात पिंपळ रुजला, की गावातून पहिलं पत्र आमदारांकडे जातं. ते जरूर द्या, पण आधी स्मारक कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. राजगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. रायगड, शिवनेरी भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे. केंद्राच्या स्मारकाची दुरुस्ती सर्वेक्षणच करतं, तिथे आपण फक्त लेखी मागणी करायची. खरी धावपळ राज्य संरक्षित स्मारकाची.

त्यासाठी संचालनालयाचा निधी असतोच, शिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून 3 टक्क्यांपर्यंत रक्कम गड-किल्ले, मंदिरे आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या संवर्धनाला देता येते. मागणी ग्रामपंचायतीने करावी किंवा दुर्गप्रेमी मंडळाने. मात्र पैसे मंडळाच्या खात्यात येत नाहीत. काम सरकारी यंत्रणा निविदा काढून करून घेते. हे न सांगता वर्गणी गोळा केली की पुढे गावात वाद ठरलेला.

अर्ज पुरातत्व विभागाच्या सहायक संचालकांकडे, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेला. सोबत संरक्षित स्मारकाच्या राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामसभेचा ठराव आणि फोटो. फोटोंवर मेहनत घ्या. एकाच भेगेचे दोन काढा: एक लांबून, जागा कळेल असा, दुसरा मोजपट्टी लावून, तारखेसह. ‘किल्ल्याची दुरवस्था झाली आहे’ या वाक्यावर कुणी अंदाजपत्रक करू शकत नाही. ‘उत्तर बुरुजाच्या पायथ्याचे दगड सुमारे 3 मीटर लांबीत निखळले आहेत’ असं लिहिलं, तर पाहणीला येणाऱ्याला थेट तिथे जाता येतं.

पुढे पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. वेळ लागतो. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात काम यावं म्हणून दिवाळीच्या सुमारास अर्ज गेलेला बरा; मार्चमध्ये गेलात तर चहा मिळेल, निधी नाही.

तोवर हौसेने सिमेंट भरू नका. चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट पाणी कोंडून ठेवतं, दगड आणखी सुटतो. शिवाय संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे. गवत काढायचं असेल तरी आधी विभागाला पत्र द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेऊनच परत फिरा.