बोली लावून विकलेला कॅमेरा आणि जाहिरात देऊन विकलेला कॅमेरा

ई-बेसारख्या साइटवर बोली लावून विकणं आणि ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात टाकून विकणं, दोन्हीला आपण ‘ऑनलाइन विकला’ म्हणतो. धोका मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी येतो. बोलीच्या व्यवहारात पैसे आल्यानंतर, जाहिरातीच्या व्यवहारात बहुधा पैसे येण्याआधी. म्हणून एकीकडची खबरदारी दुसरीकडे पुरत नाही.

नागपुरात हौशी वन्यजीव फोटोग्राफर कमी नाहीत. १ जुलैला ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, तीन महिन्यांसाठी बंद झाला, की मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर जायचं म्हणून जुना डीएसएलआर आणि निकॉनची २००-५०० मिमी झूम लेन्स काढून टाकायचा विचार डोक्यात येतोच. ई-बेची भारतीय साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे इथून बोलीवर विकायचं तर गिऱ्हाईक जवळपास नेहमी परदेशातलं. म्हणजे निर्यातीचे सोपस्कार आले, आणि वस्तू हातात न घेताच विकत घेणारा माणूस आला.

या माणसाच्या हातात मोठं शस्त्र असतं. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार तो पार्सल मिळाल्यावर महिनाभरात करू शकतो. ती मान्य झाली, की परतीचा खर्चही विकणाऱ्याच्याच माथी. प्रामाणिक गिऱ्हाइकाला हे संरक्षण हवंच. पण लबाड माणूस त्याचाच फायदा घेऊन तुमची चांगली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ठेवतो आणि त्याच मॉडेलची बिघडलेली बॉडी परत पाठवतो. शिवाय ई-बेवर २००८ पासून विकणाऱ्याला गिऱ्हाइकाविषयी वाईट शेरा देता येत नाही, त्यामुळे समोरचा कसा आहे हे आधी कळणं कठीण.

यावर उपाय एकच, पुरावा आधी तयार ठेवणं. सिरीयल नंबरचा स्पष्ट फोटो, शटर काउंटचा (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले त्या आकड्याचा) स्क्रीनशॉट, आणि नंबर दाखवण्यापासून खोक्याला टेप लावेपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ. लेन्समधून टॉर्च मारून काढलेला फोटोही वर्णनासोबत द्या. आतली थोडी धूळ त्या लेन्सने काढलेल्या फोटोत सहसा दिसत नाही. बुरशी मात्र काचेवरचा लेप खाते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या लेन्सला ती धरू शकते. असेल तर स्पष्ट लिहा. किंमत उतरेल, पण लेन्स परत येणार नाही. लिथियम बॅटऱ्या सुट्या टाकू नका. हवाई पार्सलसाठी त्यांचे नियम कडक आहेत, कुरिअरवाल्याला आधी विचारा. आणि किमान किंमत न ठेवता बोली सुरू केली नि दोघंच आले, तर कॅमेरा मातीमोल जातो.

आता जाहिरात. इथे पहिला मेसेज ठरलेला : ‘भाऊ, लास्ट किती?’ हा माणूस त्रासदायक असेल, पण बहुधा खरा असतो. जो घासाघीस न करता, लेन्स न बघता ‘लगेच ॲडव्हान्स टाकतो’ म्हणतो, आपण जवान असल्याचं ओळखपत्र पाठवतो आणि क्यूआर स्कॅन करायला सांगतो, त्याला थेट ब्लॉक करा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधल्या यूपीआय कलेक्ट रिक्वेस्ट (समोरून येणारी पैशांची मागणी) बंद झाल्या, तरी क्यूआरचा डाव शिल्लक आहे. खोट्या पेमेंट-ॲपचा हिरवा ‘सक्सेस’ तर कोणीही दाखवतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत कॅमेरा हातातून सोडायचा नाही.

भेट दिवसा, सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनसारख्या सीसीटीव्ही असलेल्या गर्दीच्या जागी. घरी बोलावणं मला पटत नाही. महागडी लेन्स कुठल्या घरात आहे, हे अनोळखी माणसाला कशाला कळायला हवं?

पैसे आल्यावरही एक धोका उरतो, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. समोरच्यानं दुसऱ्या कुणाला फसवून मिळवलेले पैसे तुमच्या खात्यात टाकले, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचंच खातं किंवा तेवढी रक्कम गोठवू शकते. म्हणून पैसे देणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव जुळतं का ते पाहा, आणि सिरीयल नंबरासह पावती लिहून दोघांच्या सह्या घ्या. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. उशीर झाला, की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

माझ्या मते सव्वादोन किलोंची २००-५०० परदेशी पाठवण्यात अर्थ नाही. तिला गिऱ्हाईक विदर्भातच मिळेल. जुन्या मॅन्युअल लेन्स आणि फिल्म कॅमेऱ्यांचं उलट. त्यांचे शौकीन जगभर विखुरलेले, त्यामुळे तिथे बोलीची कटकट सोसायला हरकत नाही. आणि कुठेही विका, कॅमेऱ्याच्या मेन्यूत कॉपीराइटच्या जागी घातलेलं आपलं नाव पुसून टाका, नाहीतर नवा मालक काढेल त्या प्रत्येक फोटोच्या फाइलमधल्या माहितीत ते जाईल.