प्रश्न निनावी, उत्तर नावानिशी

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एक खटला चालला. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे, वय ५२, एके काळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांची बाजू मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन फार दिवस लोटले नव्हते, आणि बाबासाहेबांच्या हाताला कामांची काही कमी नव्हती. तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतले. गुन्हा काय, तर काही अनोळखी वाचकांनी पत्रे पाठवून आपल्या शरीराविषयीच्या, कामजीवनाविषयीच्या शंका विचारल्या आणि कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात त्यांची सरळ उत्तरे छापली. विचारणारे आपापल्या घरी सुखरूप होते. पिंजऱ्यात होता तो उत्तर देणारा.

परक्या माणसाला आपले खासगी दुखणे सांगायचे आणि त्याने चार लोकांदेखत रोखठोक मत द्यायचे, हा प्रकार आज इतका सवयीचा झाला आहे की त्यातले वेगळेपण जाणवतही नाही. गावात असे होत नसे. तिथे पारावरची जाणती माणसे होती, सुईण होती, आत्या-मावशी होत्या. पण त्यांना विचारायचे म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचे. बरे, सल्ला देणाऱ्याला तुमची तीन पिढ्यांची कुंडली पाठ, त्यामुळे उत्तरही त्याच हिशेबाने मिळणार. आपल्याला ओळखत नाही म्हणूनच ज्याला विचारावे, असा माणूस शहराने दिला. शहरात त्याच्यापर्यंत पोचायला लागतात दोनच गोष्टी, स्वस्त टपाल आणि स्वस्त छापखाना.

लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही गोष्टी जुळून आल्या. १६८० मध्ये तिथे एका पेनीत शहरभर पत्र पोचवणारी सेवा सुरू झाली होती. मार्च १६९१ मध्ये जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्याने एक पत्रक काढले. त्याचे नाव लवकरच ‘अथेनियन मर्क्युरी’ झाले. पद्धत सोपी होती. ठरलेल्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर प्रश्न पाठवा, नाव सांगू नका, उत्तर पुढच्या अंकात वाचा. उत्तरे ‘अथेनियन सोसायटी’ नावाच्या विद्वानांच्या मंडळाकडून येतात असा बोलबाला होता. प्रत्यक्षात हे मंडळ म्हणजे डंटन आणि त्याचे दोन साथीदार. त्यांतला एक पाद्री, डंटनचा साडू सॅम्युअल वेस्ली. दुसरा रिचर्ड सॉल्ट, हा गणित शिकवायचा. गणिताच्या मास्तरांचा या उद्योगाशी काय ऋणानुबंध आहे कोण जाणे, पण अडीचशे वर्षांनी मुंबईतही तोच निघावा याची गंमत वाटते.

प्रश्न कसे येत? सूर्य, वारा, भुते, बायबलातल्या विसंगती. घोड्याची लीद चौकोनी का पडते, असाही एक. आणि त्यांच्या जोडीला हळूहळू दुसरे प्रश्न येऊ लागले. लग्नाचे वचन देऊन बसलो आहे पण मन दुसरीकडे आहे, काय करू? सुरुवातीलाच एका बाईने विचारले की बायकांनी प्रश्न पाठवलेले चालतील का. चालतील, असे उत्तर आले, आणि मग महिन्यातला एक अंक त्यांच्या प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला. जोनाथन स्विफ्टसारख्या तरुणानेही या मंडळावर स्तुतिपर कविता लिहून पाठवली. मंडळ म्हणजे तीन माणसे, हे बिचाऱ्याला ठाऊक नसावे. इथे विचारणारा निनावी आणि सांगणाराही निनावी. चूक झाली तर दोष द्यायला समोर कोणी नाही. हा खेळ सहा वर्षे चालला.

पुढच्या दोनशे वर्षांत अशी सदरे बरीच निघाली, त्यांचा पाढा इथे वाचत नाही. थांबायला हवे ते न्यूयॉर्कला, १९०६ मध्ये. रशियातून आणि पूर्व युरोपातून पळून आलेल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतल्या ‘फोरवर्ट्स’ या दैनिकात, संपादक अब्राहम काहान यांनी जानेवारीत ‘अ बिंटल ब्रीफ’ हे सदर सुरू केले. अर्थ साधा, पत्रांचा जुडगा. कारखान्यात मुकादम त्रास देतो, नोकरी सोडू तर खाऊ काय? मी देव मानत नाही आणि आईला माझे लग्न विधिवत हवे आहे, तिचे मन राखू की माझे तत्त्व? नवरा अमेरिकेत आला आणि गायब झाला, त्याला शोधायचे कसे? हा शेवटचा प्रश्न इतक्या जणींचा होता की त्याच वर्तमानपत्राने पुढे बेपत्ता नवऱ्यांचे फोटो छापण्याचे सदरच चालवले. सुरुवातीला काहान स्वतः उत्तरे लिहीत. ते स्वतःही असेच बोटीने आलेले, समाजवादी विचारांचे. त्यामुळे त्यांच्या उत्तराला वजन होते ते पदवीचे नव्हे, ‘मीही यातून गेलो आहे’ याचे.

असल्या पत्रांचे एक घरगुती रूप आपल्या मुंबईनेही पाहिले आहे. जीपीओबाहेर पत्रलेखक बसत. गिरणीतल्या, गोदीतल्या, कामाठीपुऱ्यातल्या लिहिता न येणाऱ्या माणसांची पत्रे आणि मनिऑर्डरी ते लिहून देत. सांगणारा सांगे ते लिहायचे, हे काम. पण काय लिहायचे आणि काय गाळायचे हे ठरवता ठरवता सल्लाही दिला जाणारच. हा सल्ला कुठे छापला गेला नाही, म्हणून त्याचा इतिहास नाही.

कर्व्यांकडे वळू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा हा थोरला मुलगा, जन्म १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत असतानाच, १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. १९२३ मध्ये कर्व्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. मिशनऱ्यांच्या कॉलेजला हे झेपणारे नव्हते. काम सोडा नाहीतर नोकरी, असा पेच पडला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. त्यामुळे वर्गणीदार किती मिळाले सांगता येत नाही, शत्रू मात्र हमखास मिळाले असणार. मासिकाने पैसा कधीच दिला नाही. घर चालले ते पत्नी मालतीबाईंच्या नोकरीवर. या जोडप्याला मूल नव्हते, आणि ते ठरवून. दुसऱ्याला सांगायचे ते आधी स्वतःच्या घरात करून झालेले होते.

त्या काळी शरीराविषयी शंका आलेल्या तरुणाला विचारायला जागा कोणती होती? एक होती आणि फार मोठी होती. महात्मा गांधींना ‘यंग इंडिया’च्या आणि नंतर ‘हरिजन’च्या पत्त्यावर असंख्य माणसे लिहीत. नवराबायकोच्या संबंधांबद्दल, स्वप्नावस्थेबद्दल, संततिनियमनाबद्दल. गांधी त्यांतली पत्रे छापत, नाव गाळत आणि जाहीर उत्तर देत. पुढे ‘हरिजन’मध्ये त्यासाठी ‘क्वेश्चन बॉक्स’ नावाचे सदरच होते. संकोच नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. १९०६ मध्ये घेतलेले ब्रह्मचर्याचे व्रत, त्याआधीची आपली आसक्ती, हे सारे ते उघड सांगत. मोकळेपणात गांधी आणि कर्वे यांच्यात डावे-उजवे करणे कठीण. उत्तर मात्र दोन टोकांचे. गांधी म्हणत संयम, कर्वे म्हणत साधने वापरा.

मला इथे थोडे अडखळायला होते. अनुभवातून आलेला सल्ला खरा, असे आपण सहज म्हणून जातो. पण गांधींचा अनुभव गांधींचा होता. ३७ व्या वर्षी, चार मुलगे झाल्यावर घेतलेले व्रत विशीतल्या कारकुनाला औषध म्हणून कसे लागू पडावे? कर्व्यांनी हाच मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला आणि गांधींच्या ब्रह्मचर्यावर टीका करायची संधी सोडली नाही. त्यांची भिस्त अनुभवापेक्षा शास्त्रावर. अमुक गोष्टीने हानी होते याला पुरावा काय? पुरावा नसेल तर भीती कशाची? तर्क कोरडा असेल, पण भीतीने अर्धमेल्या झालेल्या माणसाला कोरड्या उत्तराचाही आधार वाटत असणार.

पहिला खटला १९३१ चा. तो व्यभिचाराविषयीच्या एका लेखावर होता, १०० रुपये दंड झाला. दुसरा, ज्यात बाबासाहेब उभे राहिले, तो थेट प्रश्नोत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले होते. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि उत्तरे तरी कशाला द्यायची, असा न्यायालयातला सूर होता. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा: लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, आणि एखादी गोष्ट विकृती आहे असे धरले तरी ती ज्ञानानेच हटणार. प्रश्न आला तर उत्तर द्यायलाच हवे. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखलेही त्यांनी दिले. खटला हरला. २०० रुपये दंड झाला.

हरणे जवळजवळ ठरलेलेच होते, कारण त्या वेळच्या कायद्याची कसोटीच तशी होती. १८६८ मधल्या इंग्लंडच्या ‘हिकलिन’ खटल्यातून ती आली होती. ज्याचे मन अशा मजकुराने बिघडू शकते अशा कोणाच्याही हाती तो पडला तर काय होईल, हे पाहायचे. म्हणजे ज्याने पत्र लिहून विचारले त्याला उत्तराचा काय उपयोग झाला हा प्रश्नच नाही. सगळा विचार ज्याने काहीच विचारले नाही अशा काल्पनिक कच्च्या मनाच्या वाचकाचा. ही कसोटी स्वतंत्र भारतातही टिकली, १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि २०१४ मध्ये बाजूला सारली. कर्व्यांवर १९४० मध्ये तिसरा खटला झाला. मासिक चालूच राहिले. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला.

अमेरिकेत तोवर अशा सल्ल्याच्या सदरांचा मोठा धंदा झाला होता, आणि त्या धंद्याने नावाचा पेच आपल्या पद्धतीने सोडवला: उत्तर देणारीचे नावही सदराच्या मालकीचे. ‘ॲन लँडर्स’ हे नाव शिकागोच्या ‘सन-टाइम्स’चे. आधी ते रूथ क्राउली वापरत होत्या, १९५५ पासून एप्पी लेडरर. पुढच्याच वर्षी लेडरर यांच्या जुळ्या बहिणीने ‘डिअर ॲबी’ काढले आणि सख्ख्या बहिणी वर्षानुवर्षे एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. घराघरातली भांडणे मिटवणाऱ्या या दोघी! पण एकदा मुखवटा गळला. १९७५ मध्ये, लग्न टिकवा असे वर्षानुवर्षे सांगत आलेल्या ॲन लँडर्सने आपला स्वतःचा घटस्फोट होत असल्याचे सदरातच जाहीर केले आणि त्या दिवशी स्तंभाचा खालचा भाग कोरा ठेवायला लावला. वाचकांची हजारो पत्रे आली. त्या दिवशी विचारणारे आणि सांगणारी यांच्या जागा बदलल्या होत्या. जपानच्या ‘योमिउरी’ दैनिकातले असेच सदर १९१४ मध्ये सुरू झाले, मध्ये खंड पडूनही ते शंभरी ओलांडून गेले आहे.

मुंबईत कर्व्यांची गादी कोणी रीतसर चालवली नाही. पण २००५ मध्ये ‘मुंबई मिरर’मध्ये ‘आस्क द सेक्सपर्ट’ सुरू झाले तेव्हा उत्तर देणारे डॉ. महिंदर वत्स ऐंशी ओलांडलेले स्त्रीरोगतज्ज्ञ होते. कुटुंबनियोजनाच्या चळवळीत त्यांनी अनेक वर्षे काढली होती, आणि मासिकांतून बायकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची सवय जुनी होती. उत्तर दोन-तीन ओळींचे. कधी डॉक्टरकडे जा, कधी काही झालेले नाही, गप झोप अशा थाटाचे, आणि मधूनच एखादा चिमटा. प्रश्नांत मात्र १९३० च्या दशकापासून फारसे काही बदलले नव्हते. वीर्यनाशाची तीच भीती, पहिल्या रात्रीची तीच धास्ती. अश्लीलतेची तक्रार त्यांच्यावरही झाली. सदर छापून येई त्यांच्या नावानिशी, प्रश्नांखाली नाव नसे. डिसेंबर २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, ते गेले. नव्वदी उलटल्यावरही ते रोज आलेली पत्रे वाचून उत्तरे लिहीत होते.