साथीच्या काळातली शाळा (ग्रामीण विदर्भ)

साथ आली की ती शाळेतून घराघरात जाऊ नये म्हणून जे काही करतात ते सगळं ‘साथीच्या काळातली शाळा’ यात येतं, म्हणजे वर्गातली गर्दी कमी करणं, हवा खेळती ठेवणं, हात धुणं, आजारी लेकराला घरी ठेवणं आणि काहीच जमलं नाही तर शाळाच बंद करणं. विदर्भातल्या खेड्यांना हे कोरोनात एकदम करावं लागलं. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, मग पुण्या-मुंबईहून परतलेल्या लोकांना कितीतरी ठिकाणी झेडपीच्या शाळेतच विलगीकरणात ठेवलं, त्यामुळे वर्ग भरवायच्या आधी ते धुऊन हायपोक्लोराइट (जंतुनाशक) मारणं हेच पहिलं काम झालं.

नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली, त्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर (कोरोनाची चाचणी). पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढले अन् पुन्हा सगळं बंद. जुलै २०२१ चा नियम जरा वेगळा होता: महिनाभर गावात एकही रुग्ण नाही आणि ग्रामपंचायतीचा ठराव आहे तरच आठवी ते बारावीचे वर्ग, एका बाकावर एकच, दोन बाकांत सहा फूट. पहिली ते चौथीची पोरं थेट डिसेंबर २०२१ मध्ये आली.

कोरोनाचा विषाणू श्वासातल्या थेंबांतून आणि बारीक कणांतून पसरतो, बंद खोलीत हे कण हवेत टिकून राहतात, म्हणून व्हरांडा किंवा कडुनिंबाची सावली हाच सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक सगळ्यात चांगला उपाय. मात्र इथं मार्च लागला की बाहेर बसवत नाही, उन्हामुळेच तर विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला भरतात. कपाळावरून ताप मोजायच्या थर्मल गनचीही उन्हात तीच अडचण, उन्हातून चालत आलेल्या लेकराचं कपाळ तसंही तापलेलं असतं, त्याला थोडा वेळ सावलीत बसवून मगच तपासावं लागतं. सॅनिटायझरचं कौतुक फार झालं, पण मातीनं माखलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही, तिथं साबण-पाणीच पाहिजे, किमान २० सेकंद. साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधला की चिखलात पडत नाही अन् पोट्टे पळवतही नाहीत.

खरी नजर ठेवायची ती हजेरीवर. एकाच मोहल्ल्यातली तीन-चार लेकरं एकदम गैरहजर दिसली की सरांनी आशाताईला (गावची आरोग्य सेविका) फोन लावायचा, पण कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग तसाही वावरात असतो, तेव्हा कोण वेचायला गेलं अन् कोण तापानं पडलंय हे गावात राहणाऱ्या मास्तरालाच पटकन कळतं, तालुक्याहून अपडाऊन करणाऱ्याला नाही. दुसरं म्हणजे खिचडी. ताप असला तरी लेकरू शाळेत धाडतात, कारण दुपारचं जेवण तिथं आहे, त्यामुळे आजारी मुलाच्या वाट्याचा शिधा घरी पोचवला तर त्याला घरी ठेवणं जमतं. शाळा बंद होत्या तेव्हा पोषण आहाराचा तांदूळ-डाळ असाच घरी वाटलेला होता.

प्रवास मात्र कुठल्याच नियमात नीट बसला नाही. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, मुलींना शाळेत नेणाऱ्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या एसटीच्या निळ्या बसही बंद पडल्या, अन् वर्गात सहा फुटांवर बसणारी पोरं काळीपिवळी जीपमध्ये मांडीला मांडी लावून शाळेत यायची.