स्नबनोज रिव्हॉल्व्हर

आखूड नळीचे, लहान सांगाड्याचे आणि सहसा पाच किंवा सहा काडतुसे मावणारे रिव्हॉल्व्हर. नळीची लांबी ढोबळमानाने ३ इंचांच्या (७६ मिमी.) आत असते, बहुतेक प्रचलित नमुन्यांत ती २ इंच किंवा त्याहून किंचित कमी आढळते. इंग्रजी बोलीतील या नावाचा अर्थ ‘नकट्या नाकाचे’ असा आहे. खिशात, कमरेला किंवा घोट्याला बांधून कपड्यांखाली बाळगणे हा याचा मुख्य उपयोग. उत्पादन, खासगी मालकी आणि रोजचा वापर या तिन्ही दृष्टींनी हे शस्त्र प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतले आहे; स्वस्त नमुन्यांचा मोठा पुरवठा मात्र ब्राझीलमधून होतो.

मराठीत ‘पिस्तूल’ व ‘रिव्हॉल्व्हर’ हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, त्या वेळी फिरत्या सिलिंडरचे हत्यार रूढ व्हायचे होते. काटेकोर अर्थाने रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसतात, तर स्वयंभरणी पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझिनमधून वर येतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या हाती होते ते ब्राउनिंग बनावटीचे स्वयंभरणी पिस्तूल. त्याला रिव्हॉल्व्हर म्हणणे चूक आहे. ‘घोडा’ या शब्दाचेही तसेच. तांत्रिक लेखनात घोडा म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग. बोलण्यात चापालाही घोडाच म्हणतात, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्खे हत्यारच ‘घोडा’ होते. प्रस्तुत नोंदीत तांत्रिक अर्थ पाळला आहे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठे धरायचा याविषयी एकमत नाही. मतभेद पुष्कळसा व्याख्येचाच आहे. आखूड नळी एवढीच कसोटी लावली तर सॅम्युएल कोल्टच्या (अमेरिकन एकस्व म्हणजे पेटंट, १८३६) पहिल्या खिशातल्या नमुन्यांपर्यंत मागे जाता येते. पण त्यांत सुटी दारू व गोळी पुढून ठासावी लागे. धातूच्या काडतुसाची अट घातली, तर रॉलिन व्हाइटचे ३ एप्रिल १८५५ चे एकस्व महत्त्वाचे ठरते. सिलिंडरला आरपार भोके पाडून काडतूस मागून भरायचे, ही त्यातली कल्पना. स्मिथ अँड वेसनने ती नगामागे २५ सेंट स्वामित्वधन देऊन घेतली आणि १८५७ मध्ये .२२ चे (हे आकडे गोळीचा व्यास ढोबळमानाने इंचांत सांगतात) सात काडतुसांचे लहान रिव्हॉल्व्हर काढले. करारात एक मेख होती : एकस्वाचे उल्लंघन करणाऱ्यांवर दावे लावण्याचा खर्च व्हाइटने सोसायचा. मिळालेल्या पैशाचा बराच भाग त्याने वकिलांवर घालवला. एकस्व १८६९ मध्ये संपले, आणि त्याला दिलासा देणारे विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवले.

यानंतर न्यू इंग्लंडमधील (अमेरिकेच्या ईशान्य भागातील) अनेक लहान कारखान्यांनी अतिस्वस्त रिव्हॉल्व्हरांचा लोंढा बाजारात सोडला. चापाभोवती कडे नाही, घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा, पोलाद बेताचे. पुढच्या काळातील संग्राहकांनी यांना ‘सुइसाइड स्पेशल’ असे कुत्सित नाव दिले. ‘स्वस्त आणि लहान’ या जोडीचा खरा आरंभ इथे आहे. तरी रूपाच्या दृष्टीने पूर्वज मानायचा तो बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा ‘ब्रिटिश बुलडॉग’ (१८७२). अडीच इंची नळी, पाच काडतुसे, .४४२ किंवा .४५० अशी जाड गोळी. बेल्जियम, स्पेन, फ्रान्स व अमेरिकेत त्याच्या नकला निघाल्या. २ जुलै १८८१ रोजी अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटोने झाडलेले हत्यार याच घराण्यातले. ते पुढे संग्रहालयात शोभावे म्हणून त्याने हस्तिदंती मुठीचा नग घ्यायचे मनात आणले होते, अशी हकीकत वारंवार दिली जाते. हत्यार स्मिथ्सोनियन संस्थेकडे गेले खरे, पण नंतर गहाळ झाले.

आजच्या अर्थाचे स्नबनोज म्हणजे बाजूला उघडणारा सिलिंडर, नुसत्या चापाने चालणारी दुहेरी क्रिया आणि .३८ स्पेशल काडतूस. हे तिन्ही एकत्र आणणारे पहिले मोठे व्यापारी उत्पादन म्हणून कोल्टचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ (१९२७) सांगितले जाते. याच्याआधी कोल्टमधील जॉन हेन्री फिट्झजेराल्ड हा कसबी नेमबाज मोठ्या रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या दोन इंचांवर कापून, घोड्याचे टोक घासून आणि चापाच्या कड्याचा पुढचा भाग काढून खास नग बनवीत असे. काही लेखक डिटेक्टिव्ह स्पेशलचे जनकत्व त्यालाच देतात. नव्या हत्याराचा सांगाडा मात्र कोल्टच्या आधीच चालू असलेल्या ‘पोलीस पॉझिटिव्ह स्पेशल’चाच आहे, नळी आखूड करणे ही त्या सांगाड्याची स्वाभाविक पुढची पायरी होती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खुद्द .३८ स्पेशलचे वर्षही कोणी १८९८, कोणी १८९९, तर कोणी १९०२ देतात. काडतुसाची आखणी आणि त्यासाठीच्या रिव्हॉल्व्हरची विक्री यांत गल्लत झाल्याने हा फरक पडला असावा. नावातला आकडाही फसवा आहे. गोळीचा व्यास .३५७ इंच (सु. ९.१ मिमी.) भरतो. ‘.३८’ हे जुन्या, काडतुसासाठी बदलून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या घरांच्या मापावरून चालत आलेले नाव आहे.

स्मिथ अँड वेसनच्या तोवरच्या लहान सांगाड्यात .३८ स्पेशलची लांबी मावत नव्हती. थोडा वाढवलेला ‘जे’ सांगाडा व पाच घरांचा सिलिंडर असलेला नमुना १९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेत मांडला गेला. नावासाठी उपस्थितांचेच मत घेतले. म्हणून तो ‘चीफ्स स्पेशल’ झाला. १९५७ पासून त्याला ‘मॉडेल ३६’ हा क्रमांक मिळाला. कंपनीच्या शताब्दीस निघालेल्या ‘सेंटेनिअल’मध्ये (१९५२) घोडा पूर्णपणे सांगाड्याच्या आत होता, तर १९५५ च्या ‘बॉडीगार्ड’मध्ये दोन्ही बाजूंनी आडोसा होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये सायगावच्या रस्त्यावर वृत्तछायाचित्रकार एडी ॲडम्सने टिपलेल्या, कैद्याला गोळी घालतानाच्या प्रसिद्ध छायाचित्रातले हत्यार बॉडीगार्डच आहे.

रचना : पाच घरांमुळे सिलिंडर बारीक होतो व कमरेला फुगवटा कमी दिसतो, हे उघड आहे. कमी सांगितला जाणारा फायदा असा : सिलिंडर प्रत्येक बाराला जागच्या जागी अडवून धरण्यासाठी त्याच्या बाहेरून खाचा असतात. सहा घरांच्या रचनेत ही खाच बहुधा घराच्या अगदी वर, म्हणजे भिंत सर्वांत पातळ असते तिथे येते. घरे पाच असली की ती दोन घरांमधल्या जाड भागावर पडते.

वजन घटवण्याचा इतिहास अपघातांवाचून नाही. अमेरिकी हवाई दलासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी सांगाडा व सिलिंडर दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेली रिव्हॉल्व्हरे बनवली गेली. त्यांसाठी मुद्दाम कमी दाबाचे काडतूस ठरवले होते, तरी सिलिंडर भरवशाचे ठरले नाहीत आणि बहुतेक नग परत मागवून नष्ट करण्यात आले. तेव्हापासून सांगाडा मिश्रधातूचा, पण सिलिंडर पोलादी, ही वाट रुळली. टायटॅनियमचे सिलिंडर महागड्या नमुन्यांत पुष्कळ नंतर आले. रूगरच्या ‘एलसीआर’मध्ये (२००९) चापयंत्रणेचे घरच पॉलिमरचे आहे आणि रिकाम्या हत्याराचे वजन सु. ३८५ ग्रॅम भरते. सर्वसाधारण .३८ स्पेशलचा कमाल दाब अमेरिकी उद्योगमानकानुसार दर चौ. इंचास १७,००० पौंड, तर ‘प्लस पी’ या जास्त दाबाच्या काडतुसाचा २०,००० पौंड आहे. जुन्या ॲल्युमिनियम सांगाड्यांत दुसरे वापरू नये.

सुरक्षेची अडचण सर्वांत जुनी. जुन्या नगांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे. हत्यार फरशीवर पडले की बार होण्याचा धोका. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत होती. मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन कंपनीने घोडा व आघातकील (काडतुसावर प्रत्यक्ष आपटणारी खीळ) यांच्यामध्ये चाप पूर्ण ओढल्यावरच वर सरकणारी पट्टी बसवली, आणि रिव्हॉल्व्हरवर हातोडा मारून दाखवणाऱ्या जाहिराती केल्या. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफलो येथे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच कंपनीच्या .३२ च्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमधून. ही पट्टी आज बहुतेक स्वस्त नमुन्यांत असते.

किंमत आणि कायदा : अमेरिकेत वाद आकाराइतकाच स्वस्तपणावर झाला. १९२७ च्या कायद्याने खिशातली शस्त्रे सरकारी टपालाने पाठवण्यास बंदी आली, पण खासगी पार्सल कंपन्या मोकळ्या राहिल्या आणि टपालविक्री १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यापर्यंत चालली. या कायद्यानंतर आयात रिव्हॉल्व्हरला ३ इंचांची किमान नळी, हत्यार खाली पाडून पाहण्याची चाचणी आणि गुणपद्धतीने ४५ गुण आवश्यक ठरले. रोख होता ‘सॅटरडे नाइट स्पेशल’ म्हणवल्या जाणाऱ्या स्वस्त हत्यारांवर. या नावाचा उगम अस्पष्ट असून त्याला वर्णद्वेषाचा वास असल्याचे अनेकांनी म्हटले आहे. गरीब वस्तीतल्या माणसाला परवडणारे तेवढेच हत्यार वाईट कसे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. शिवाय बंदी तयार हत्यारावर होती, सुट्या भागांवर नव्हती. जर्मन र्‍योम कंपनीचे भाग आणून मायामीत ‘आरजी’ नावाने जोडणी सुरू झाली. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर झाडलेले .२२ रिव्हॉल्व्हर त्यांपैकीच. मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये आरजीविरुद्धच्या खटल्यात अशा हत्याराच्या निर्मात्याला जबाबदार धरता येईल असे ठरवले. १९८८ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तो निर्णय पुसून त्याऐवजी मान्यताप्राप्त शस्त्रांची यादी आणली.

याच काळात जरा वरच्या दर्जाची स्वस्त पंगत बसली. कनेक्टिकटमधील चार्टर आर्म्सचे ‘अंडरकव्हर’ (१९६४ नंतर) पोलादी असूनही सु. ४५० ग्रॅमचे होते. ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेनन यांची हत्या झाली ती अशाच एका नगाने. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सूल राज्यातील रोसी (१८८९) व टॉरस (१९३९) या कंपन्यांनी स्मिथ अँड वेसनच्या धर्तीचे नमुने बऱ्याच कमी किमतीत विकले. टॉरसचे पाच बारी ‘८५’ आणि नंतरचे सहा बारी ‘८५६’ हे त्यांतले ठळक. टॉरस व स्मिथ अँड वेसन या कंपन्या काही काळ एकाच अमेरिकी उद्योगसमूहाकडे होत्या, त्यामुळे साम्य केवळ नकलेचे नाही. आज या वर्गातले नवे रिव्हॉल्व्हर साधारण ३०० ते ५०० डॉलरांना पडते.

वापर : पोलिसांनी १९८० व ९० च्या दशकांत स्वयंभरणी पिस्तुले घेतली, तरी खासगी मागणी टिकली. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास लपवून बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक केले. बाकी राज्ये मागोमाग आली, आणि आता निम्म्याहून अधिक राज्यांत असा परवाना लागतच नाही.

नवशिक्याला लहान हत्यार सोपे वाटते, प्रत्यक्षात ते सर्वांत अवघड. हत्याराचे वजन अर्धा किलो आणि चापाला लागणारी ओढ साडेचार-पाच किलो. बोट ओढत असतानाच नळी खाली झुकते. पुढची नेमखूण मागच्या खाचेपासून जेमतेम चार इंचांवर, त्यामुळे केसभर चूक दहा मीटरवर जवळजवळ शंभरपट होऊन दिसते. हलक्या सांगाड्याचा धक्का तळहाताच्या अंगठ्याखालील भागात बसतो. त्याच धक्क्याने न झडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो. म्हणून काही अतिहलक्या नमुन्यांच्या नळीवर गोळीचे किमान वजनच कोरलेले असते.

आखूड नळीखाली पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूडच असतो; तो पुंगळी पूर्ण बाहेर काढत नाही. हत्याराचे तोंड आभाळाकडे करून तळहाताने दांड्यावर एकच जोरदार थाप द्यावी लागते. तोंड आडवे राहिले तर एखादी पुंगळी दांड्याला जोडलेल्या, पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीसारख्या पंजाखाली सटकते आणि मग ती नखाने उकरावी लागते. खिशात बाळगायचे तर चाप झाकणारे म्यान लागते आणि त्या खिशात किल्ल्या किंवा नाणी ठेवायची नसतात. कपड्याचा बारीक कापूस घोड्याच्या फटीत साचतो, हा नेहमीचा अनुभव. घोडा आत दडवलेले नमुने म्हणूनच खिशासाठी पसंत केले जातात.

भारत : १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली सामान्य परवानाधारकास .३८ वर्ज्य आहे; .३२ हे कॅलिबर उपलब्ध आहे. बोलण्यात त्याला ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. कानपूरच्या कारखान्यातले ३ इंची नळीचे ‘निर्भीक’ (२०१४) सु. ५०० ग्रॅमचे, किंमत तेव्हा सु. १ लाख २२ हजार रुपये होती. स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि किमतीवरून टीकाही. नंतरचे ‘प्रबळ’ (२०२३) बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचे आहे. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, अन्यत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वरातीत हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात.